आधी पाय, मग मान

नाशिक फाट्यावर एसटी पकडायची, चाकणच्या ट्रॅफिकला मनसोक्त शिव्या घालायच्या, खेड-मंचर मागे टाकलं की नारायणगाव. वीकेंडवाली मंडळी इथं थांबतात ती चहापुरती. पुढे शिवनेरी नाहीतर माळशेज. पण गुढीपाडव्याच्या आसपास जरा रेंगाळा. तमाशा फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात आणि गावोगावचे जत्रेवाले सुपाऱ्या ठरवत फिरत असतात.

हे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं गाव. २००२ मध्ये त्या गेल्या, पण खेळ चालू असताना बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्याची त्यांची गोष्ट इथं अजून सांगतात. ऐकताना आपण ‘ग्रेट!’ म्हणतो. मी ज्या मावशींकडे गेले होते त्या मात्र एवढंच म्हणाल्या, "अंगाला तेल कुणी लावलं असंल का गं तिच्या?"

मावशी बाळंतिणींना मालिश करतात. पुण्या-पिंपरीत नोकरी करणाऱ्या मुली पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतात आणि सव्वा महिना मावशींच्या ताब्यात जातात. सीझन संपला की फडातल्या बाया येतात. पायात किलोकिलोचे चाळ बांधून रात्रभर नाचलेल्या पोटऱ्या त्या डोळे मिटूनही ओळखतात म्हणे. आणि मग माझ्यासारखी एखादी, लॅपटॉपपुढे मान आखडून बसलेली.

मी मान पुढे केली. मावशींनी पाय धरले.

"मान दुखतीय मावशी."

"कळलं. झोप कशी लागती?"

पुढची दहा मिनिटं नुसते प्रश्न. पाळी, जेवण, घरी कोण कोण असतं, रात्री कुठल्या कुशीवर झोपतेस. सिटीतल्या स्पामध्ये हेच एका फॉर्मवर टिक करून घेतात आणि हजारांत बिल लावतात. इथं उत्तर देता देता खांदे कधी खाली आले कळलंच नाही. तीळतेल कोमट, हात खरखरीत. दुखऱ्या जागी पोचण्याआधी त्या थांबतात, "दाबू का?" विचारतात. नको म्हटलं तर खरंच दाबत नाहीत! (आपलं ते ‘शाम्पू’सुद्धा चंपीचंच पोर बरं का. पाटण्याच्या शेख दीन महंमदनं दोनशे वर्षांपूर्वी ब्रायटनमध्ये मालिशचा हमामखाना काढला आणि इंग्लंडच्या राजापर्यंत पोचला.)

मावशींचा खरा कस मात्र हात न लावण्यात आहे. एका बाळंतिणीची एकच पोटरी सुजलेली, गरम लागत होती. सासू म्हणाली, चोळा जरा जोरात. मावशींनी तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि रिक्षा बोलवायला लावली. शिरेत रक्ताची गाठ निघाली. बाळंतपणानंतर हा धोका वाढतो आणि अशा वेळी चोळलं तर गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते, हे डॉक्टर सांगतात. मावशींना ते नाव माहीत नव्हतं. "दोन पाय सारखे नव्हते," एवढंच त्यांचं कारण. बाळाच्या नाकाकानात तेल घालणंही त्यांनी केव्हाच सोडलंय, पीएचसीतल्या नर्सबाई ओरडल्यापासून.

मोबदला ठरलेला नाही. पैसे, वर साडी-चोळी. कोणी हातावर टेकवून मोकळं होतं, कोणी वर्षवर्ष फिरवतं. आणि एवढं सगळं घरातलं ऐकलेलं, पण या घरचं त्या घरी नाही. मी दोनदा खोदून पाहिलं. मावशी हसून तेल गरम करायला उठल्या.

सुनेला शिकवताय का, विचारलं. ती ब्युटी पार्लरचा कोर्स करतेय. "दुसऱ्याची घाण काढायची म्हंती." मावशींचे हात क्षणभर थांबले, मग पुन्हा चालू. माझी मान शेवटी, जेमतेम पाच मिनिटं. उजवीकडे अजून थोडी अडकतेय म्हणाले, तर म्हणाल्या, "ती एका दिवसात आली व्हय? मग जाईल कशी?"

परतीच्या एसटीत शेजारच्या काकूंनी वास घेतला आणि विचारलं, "किती महिन्यांचं बाळ?"