सगळ्यांच्या मागे चालणारे मामा

आमच्या कॉलेजात प्रत्येक प्रयोगशाळेला एक मामा असत. केमिस्ट्रीचे मामा, झूऑलॉजीचे मामा आणि आमचे बॉटनीचे मामा. मुरबाडकडचे, सातवीपर्यंत शिकलेले, अंगात खाकी आणि खिशाला कायम एक भिंग अडकवलेलं. ते भिंग खात्यानं दिलेलं नव्हतं. एका निवृत्त सरांनी जाताना त्यांच्या हातात ठेवलं होतं, आणि काचेला ओरखडा जाईल म्हणून ते कुणालाही हात लावू देत नसत. अगदी विभागप्रमुखांनाही.

एस.वाय.ला असताना फाल्गुनात सहल ठरली. कर्जतहून कोंदिवडे, तिथून कोंडाण्याच्या लेण्यांवरून वर राजमाचीच्या पठारापर्यंत, आणि संध्याकाळी परत. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे, आणि कल्याणच्या चाळीतली. कॉलेजची चिठ्ठी वडिलांनी वाचली, घडी घातली आणि माझ्याच वहीत परत ठेवली. म्हणजे नाही. आमच्या घरी ‘नाही’ हा शब्द उच्चारायची गरज पडत नसे.

मी सरांना काही बोलले नाही. प्रयोगशाळेत मायक्रोस्कोप पुसताना मामांनी विचारलं, “ताई, पैसे भरले नाहीत तुम्ही?” मी कारण सांगितलं असेन. रविवारी सकाळी मामा आमच्या दारात उभे. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. खाटेच्या अगदी कडेला बसले. सहलीचं नावच नाही. गाव कुठलं, भात किती होतं, यंदा पाऊस कसा झाला. वडिलांचं गाव शहापूरकडचं, त्यामुळे बोलणं बराच वेळ भातावरच चाललं. चहा संपल्यावर बशी खाली ठेवून मामा म्हणाले, “भाऊ, पोरं पुढं चालतात, सर मधे असतात. मी सगळ्यांच्या मागं असतो. माझ्या मागं कुणी राहत नाही.” एवढंच. वडिलांनी आईकडे पाहिलं आणि आईनं डब्याचा विषय काढला.

पुढे मी वनस्पतिशास्त्रच शिकवलं, त्यावरच संसार चालवला. तेव्हा त्या कपभर चहाचा हिशेब मी कधी मांडला नाही. मांडता येण्यासारखा तो नाहीच.

कोंदिवड्याला उतरलो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. उल्हास नदीचं खोरं डाव्या-उजव्या डोंगरांत हळूहळू अरुंद होत जातं. पावसाळ्यात ही सगळी वाट पाण्याखाली गुदमरलेली असते आणि लेण्यांच्या माथ्यावरून धबधबा कोसळतो; पण तेव्हा येणाऱ्यांना फक्त हिरवा रंग दिसतो. माझं स्पष्ट मत आहे की सह्याद्रीतली झाडं ओळखायला शिकायचं असेल तर ती फाल्गुनात. पानं गळलेली असतात, त्यामुळे प्रत्येक झाड आपापल्या अंगकाठीसकट उभं दिसतं. शेतांच्या बांधांवर पळस, उतारावर पांगारा आणि काटेसावर. तिन्ही बिनपानांची, तिन्ही लाल-केशरी. आमच्या वर्गात लगेच दोन तट पडले. हा पांगारा, नाही ही सावर. दोघांच्याही अंगावर काटे, मग ठरवायचं कसं?

सरांनी फुलांचे भाग सांगितले, आणि ते बरोबरच होतं. मामा मागून आले आणि म्हणाले, “वर कशाला बघता? खाली बघा.” झाडाखाली सावरीची जाडजूड, मांसल पाच पाकळ्यांची फुलं अख्खीच्या अख्खी पडली होती. ती गुरं खातात, हरणंही खातात. पांगाऱ्याखाली तसं जाड फूल सापडत नाही, त्याचे तुरे फांदीच्या टोकाला असतात आणि खाली पडतात त्या लांबट लाल पाकळ्या. मग काटे दाखवले. सावरीचे खोडावरचे शंकूसारखे, मोठे, पांगाऱ्याचे बारीक. ‘पळसाला पाने तीनच’ हे सगळ्यांना ठाऊक होतं. पांगाऱ्यालाही एका देठावर तीनच पानं येतात, हे मामांनी सांगितलं तेव्हा आमच्यातल्या हुशार मुलानंही वही उघडली.

लेण्यांच्या अलीकडे वळणावर एक कुसुंब होता. अख्खं झाड तांबडं, पण फुलांनी नव्हे, कोवळ्या पालवीनं. सर म्हणाले, कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून पुरतं भरलेलं नसतं. तो लाल रंग उन्हाचा मारा झेलतो, किड्यांनाही बहुधा दूर ठेवतो. मामा म्हणाले, “आठ-दहा दिवसांची गंमत आहे. नंतर आलात तर ओळखणार नाही.” एकानं कारण सांगितलं, दुसऱ्यानं वेळ. शिकवताना मला दोन्ही लागलं, पण मुलं रानात घेऊन जायची तर वेळ आधी लागते.

फांद्या कापायचा मामांचा नियम कडक होता. एका जातीची दोन-चार झाडं दिसली तरच कोयता निघायचा. एकटंच झाड असेल तर वही काढायची आणि चित्र काढायचं. एका मुलानं एकट्या शिवणीची फांदी मोडली, तेव्हा मामांनी त्याला काही म्हटलं नाही. फक्त ती फांदी नमुने दाबायच्या प्रेसमध्ये घेतली नाही. त्याला दिवसभर ती हातात धरून चालावं लागलं.

लेण्यांत आम्ही जेवायला बसलो. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांतलं हे बौद्ध चैत्यगृह. दर्शनी कमान म्हणजे लाकडी बांधकामाची दगडात उतरवलेली नक्कल. आमच्या डब्यांत पोळी-भाजी, मामांकडे तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. थोड्याच वेळात सगळ्यांकडे तांदळाची भाकरी होती आणि मामांकडे पोळी-भाजी. दरीपलीकडून बोरघाटाची गाडी चढताना ऐकू येत होती, पुढे एक इंजिन आणि कर्जतला मागून जोडलेली बँकर इंजिनं.

त्या लेण्याच्या दर्शनी भागाला एका मोडक्या यक्षमूर्तीचं डोकं आहे आणि त्याजवळ ब्राह्मीतला एका ओळीचा लेख. त्या दिवशी आम्ही त्याकडे पाठ करून जेवलो. पुष्कळ वर्षांनी माझे विद्यार्थी घेऊन तिथं गेले, तेव्हा बरोबर आलेल्या इतिहासाच्या सहकारी बाईंनी तो वाचून दाखवला. कण्हाचा शिष्य बलक यानं हे केलं, एवढाच मजकूर. दोन हजार वर्षांपूर्वीचा एक कारागीर सही करतो ती अशी, आधी गुरूचं नाव आणि मग आपलं. मला तिथल्या तिथे माझ्या हर्बेरियमच्या कागदांवरची लेबलं आठवली. वनस्पतीचं नाव, कुल, ठिकाण, तारीख, संग्राहक. संग्राहकाच्या पुढे माझं नाव, ओळख पटवणाऱ्याच्या पुढे सरांचं. नावं लावायला सर कुकच्या ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’चे खंड उघडत, ते बरोबरच. पण तिसऱ्या माणसासाठी त्या छापील लेबलावर रकानाच नव्हता.

आणि खरं काम तर त्या तिसऱ्यानंच केलं होतं. लेण्यांपासून वरची चढण कारवीच्या रानातून जाते. वाळलेल्या काठ्या, पायाखाली सुटी माती, माथ्यावर ऊन. मामांच्या पाठीवर लाकडी प्रेस, त्यात जुन्या वर्तमानपत्रांच्या थरांत आमचं सगळं रान दाबलेलं. पठारावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले समोर आले तेव्हा पोरं धावत सुटली. मी मागे वळून पाहिलं. एका मुलीच्या चपलेचा पट्टा तुटला होता आणि मामा खाली बसून तो सुतळीनं बांधत होते.

परतल्यावर आठवडाभर रोज संध्याकाळी ते प्रयोगशाळेत थांबून कागद बदलत. ओलसर कागद काढायचे, कोरडे घालायचे, पुन्हा पट्टे आवळायचे. सावरीचं फूल तसंच दाबलं तर कुजतं, ते उभं चिरून ठेवायचं. एक पान तरी उलटं ठेवायचं, म्हणजे मागच्या शिरा दिसतात. हे कुठल्याही प्रात्यक्षिकाच्या वहीत नव्हतं. माझ्या कागदांना परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले, त्यात चिकटवण्याचं काम तेवढं माझं होतं.

पीएच.डी.च्या प्रबंधात ऋणनिर्देशाच्या पानावर मी मामांचं पूर्ण नाव पहिलं लिहिलं. मार्गदर्शकांनी भुवया उंचावल्या. आधी विद्यापीठ, मग मार्गदर्शक, मग ग्रंथालय असा क्रम असतो म्हणाले. मी क्रम बदलला नाही आणि त्यांनीही पुढे ताणलं नाही. प्रत घेऊन मी मामांच्या गावी गेले. निवृत्त झाले होते, अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसले होते. इंग्रजीतलं ते पान मी वाचून मराठीत सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं, आपल्या नावावर बोट ठेवायला लावलं आणि विचारलं, “पुढं हुद्दा लिहिला का?”

लिहिला होता.

“काय लिहिला? शिपाई?”

“नाही मामा. प्रयोगशाळा परिचर.”

“हां. परिचरच लिहायचं,” ते म्हणाले आणि घरात हाक मारून सुनेला चहा टाकायला सांगितलं. प्रबंध त्यांनी देवघराच्या फळीवर वगैरे ठेवला नाही. शेजाऱ्यांचा नातू आठवीत होता, त्याला दिला. म्हणाले, चित्रं चांगली आहेत.

गेल्या फाल्गुनात मी त्यांना फोन केला. कानाला कमी ऐकू येतं, त्यामुळे मी ओरडत होते आणि स्टाफरूममधले सगळे ऐकत होते. सांगितलं, नव्या मुलांना कोंदिवड्याच्या वाटेवर न्यायचं चाललंय, पण परीक्षांमुळे तारीख पुढं ढकलावी लागेल.

“कुसुंब फुटला का?”

“परवा एक जण जाऊन आला मामा, लालभडक आहे म्हणे.”

“मग कसली परीक्षा घेऊन बसलात?” मामा पलीकडून माझ्याहून मोठ्यानं ओरडले. “या रविवारी न्या. आणि मागं कोण चालणार आहे, ते आधी ठरवा.”