दुसरं मिक्स

अमेरिकी म्युझिक प्रोड्यूसर क्विन्सी जोन्सवरचा ‘क्विन्सी’ हा २०१८चा माहितीपट मी दोनदा पाहिला. त्याची लेक रशिदा जोन्स सहदिग्दर्शक, त्यामुळे कॅमेरा थेट रुग्णालयातल्या खाटेपर्यंत पोचतो. आजारी बापावरून न हलणारी ती नजर पाहून मला दोन्ही वेळा भरून आलं. पण मग नामवंत येतात, पुरस्कार येतात, कौतुक काही थांबत नाही. आणि हा माणूस स्टुडिओत नेमकं करायचा काय, ही माझी उत्सुकता तशीच राहते.

आपल्याकडे निर्माता म्हणजे पैसा घालणारा. तिकडचा म्युझिक प्रोड्यूसर वेगळा. कुठलं गाणं घ्यायचं, वाजवायला कोणाला बोलवायचं, कुठे थांबायचं, हे ठरवणारा तो कान.

क्विन्सीनं प्रोड्यूस केलेला मायकल जॅक्सनचा १९८२चा अल्बम ‘थ्रिलर’ घ्या. नऊ गाण्यांपैकी चार खुद्द जॅक्सनची, तीन रॉड टेम्परटन या इंग्रज गीतकाराची. ‘बिली जीन’मध्ये ड्रम्सवर एनडुगू चॅन्सलर, बासवर लुई जॉन्सन. ध्वनिमुद्रक ब्रूस स्वेडीननं ड्रम्सखाली लाकडी चौथरा घातला, बास ड्रमला खास खोळ करून घेतली. तिला चेन, तिच्या फटीतून आत माइक. गाण्याच्या सुरुवातीचा तो सुका, भरीव ठोका तिथून आला. एका माणसाची आरती ओवाळायला लागलं की ही चेनवाली खोळ आधी अंधारात जाते. शंकर-जयकिशनच्या गाण्यांवर आपण वाढलो, पण त्यांतले व्हायोलिनच्या ताफ्यांसाठी सुरावटी लिहिणारे गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा आपल्यातल्या कितीजणांना वेळेवर कळले? मला तरी फार उशिरा.

आणि अशा आरतीनं क्विन्सीचंही नुकसानच होतं. ‘थ्रिलर’ पुरा झाल्यावर तबकडी ऐकली, तर आवाज पातळ. एका बाजूवर जास्त मिनिटं कोंबली की खाचा अरुंद, उथळ होतात, नादातलं बळ जातं. तयार गाणी छाटून पुन्हा मिक्स करावी लागली. एवढ्या दमलेल्या मंडळींना परत कामाला बसवायचं, हे मला पुरस्कारांच्या रांगेहून कितीतरी मोठं वाटतं.

‘बिली जीन’चं मिक्स आपण ९१ वेळा केलं, असं स्वेडीन सांगत असे. त्यानंतर क्विन्सीनं दुसरं मिक्स पुन्हा ऐकायला मागितलं. मला ती खोली बघायची आहे: टेपांची चळत, तिच्यातून शोधून काढलेली दुसरी, आणि ती सुरू झाल्यावरचा त्याचा चेहरा. तबकडीवर तीच गेली.