मी म्हणजे मला

तर झालं असं, की प्रोजेक्टच्या निमित्ताने सहा महिने तोरीनोला जायचं ठरलं. तोरीनो म्हणजे आपण ज्याला ट्युरिन म्हणतो ते. "तिकडे सगळ्यांना इंग्रजी येतं," असं मॅनेजरने छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि ऑफिसात ते खरंही होतं. फक्त संध्याकाळी बाहेर पडलं की क्लायंट संपायचा आणि इटली सुरू व्हायची. भाजीवाला, औषधाचं दुकान... आणि ज्यांच्या घरात मी भाड्याने राहत होतो त्या सत्तरीच्या सिन्योरा. त्यांना इंग्रजीतलं फक्त 'ओके' येत होतं.

मग इंग्रजीतून इटालियन शिकवणारं एक पुस्तक घेतलं. क्रियापदांचे तीन गट, शेवटी आरे, एरे किंवा इरे. 'पार्लारे' म्हणजे बोलणे. त्याचं पार्लो, पार्ली, पार्ला: बोलतो मी, बोलतोस तू, बोलतो तो. प्रत्ययावरूनच कळतं, त्यामुळे कर्ता उच्चारायची गरज नाही. यावर पुस्तकात अर्धं पान आश्चर्य! अरे, आपण रोज "जेवलास का?" "जेवतोय" असंच बोलतो की.

भूक, झोप, थंडी, घाई या गोष्टी इटालियन माणसाच्या 'जवळ' असतात. 'ओ फामे', माझ्याकडे भूक आहे. वयसुद्धा तसंच, माझ्याकडे अठ्ठावीस वर्षं आहेत. पहिल्याच आठवड्यात मी बेकरीत 'सोनो फामे' म्हणालो, म्हणजे 'मी भूक आहे'. बाई हसल्या नाहीत, एक पाव जास्त दिला. आदराने 'तुम्ही' म्हणायला 'लेई' म्हणायचं, ज्याचा मूळ अर्थ 'ती'. मिशीवाल्या आजोबांनासुद्धा लेई!

पण खरा घोळ झाला तो 'मी' वर. इटालियनमध्ये मी म्हणजे मला.

एका रविवारी सिन्योरांनी सूप प्यायला खाली बोलावलं. फ्रिजवर एका तरुणाचा फोटो होता. त्याच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "मी मांका मिओ फिल्यो." मी मनात इंग्रजी जुळवणी सुरू केली. मी म्हणजे मला, मिओ फिल्यो म्हणजे माझा मुलगा, आणि 'मांकारे' म्हणजे पुस्तकाप्रमाणे 'मिस करणे'. म्हणजे मुलाला यांची आठवण येते! मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "के बेल्लो!" किती छान!

त्यांचा चमचा थांबला. मग "ओके" म्हणाल्या आणि भांडी आवरायला उठल्या.

वर येऊन पुस्तक उघडलं. मांकारेचा मूळ अर्थ कमी असणे. 'मांका इल साले' म्हणजे मीठ कमी आहे. म्हणजे त्या म्हणत होत्या, मला माझा मुलगा कमी पडतो. आठवण त्यांना येत होती. आणि मी म्हणालो, किती छान.

गंमत म्हणजे ही रचना इंग्रजीतून उलटी वाटते, मराठीतून अगदी सरळ. 'मी पियाचे' म्हणजे मला आवडतं. अनेक गोष्टी आवडत असतील तर 'मी पियाच्चोनो'. आवडतो, आवडतात! क्रियापद आवडणाऱ्या माणसाचं ऐकत नाही, आवडलेल्या गोष्टीचं ऐकतं. हे तर मला न शिकताच येत होतं. अडचण एवढीच, की मी इटलीला इंग्रजीच्या दारातून शिरत होतो.

दुसऱ्या दिवशी खाली गेलो. "मी दिस्पियाचे," म्हणालो. माफ करा. शब्दशः, मला वाईट वाटतं. पुन्हा तोच साचा. सिन्योरांनी "नियेंते" म्हणून हात झटकला. मी फोटोकडे बोट दाखवून विचारलं, "दोव्हे वीव्हे?" कुठे राहतो? "कॅनडा," त्या म्हणाल्या आणि पुढे अर्धा तास बोलत राहिल्या. मला पाव भाग कळला असेल. पण या वेळी मी कुठेही 'किती छान' म्हणालो नाही.

त्या रात्री आईला व्हिडिओ कॉल केला. आपल्याकडे आईला असलं काही थेट सांगायची पद्धत नाही, म्हणून इटालियनची ढाल पुढे केली.

"आई, मी मांकी."

म्हणजे, मला तू कमी पडतेस.

"मंकी ना?" आई म्हणाली. "माहितीये की, लहानपणापासून. जेवलास का?"

"जेवतोय," मी म्हणालो. कर्त्याशिवाय.