मधूक शब्दाचा अर्थ

आमचा एक पुतण्या जपानांत नोकरीस असतो. तेथें इझू द्वीपकल्पांत कावाझु नांवाचें एक लहान गांव आहे. तेथील चेरी इतर ठिकाणच्या चेरीच्या आधीं, फेब्रुवारींतच फुलते आणि नदीकांठचा तो गुलाबी बहर पाहण्यास लोक दुरून येतात. “काका, एकदां येऊन पाहा,” असें तो दरवर्षीं लिहितो. आमचें वय व पेन्शन हीं दोन्ही त्या प्रवासास अनुकूल नाहींत. परंतु वसंत पाहण्याची इच्छा त्याच्या पत्रांनीं जागी झाली, आणि गेल्या मार्चअखेर आम्ही गडचिरोली जिल्ह्यांतील हेमलकसा येथें जाऊन आलों.

आलापल्ली सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांस पळस फुलले होते. अंगावर पान नाहीं, सर्व फांद्या केशरी! पळसास गंध नाहीं म्हणून सुभाषितकारांनीं त्यास हिणविलें आहे, व विद्याहीन माणसास त्याची उपमा आम्हींही वर्गांत कित्येकदां दिली आहे. त्या रस्त्यावर मात्र ती उपमा आठवून आम्हांसच ओशाळें वाटलें.

हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प बाबा आमटे यांनीं १९७३ सालीं सुरू केला व डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं माडिया गोंडांच्या सेवेसाठीं तो वाढविला, हें वाचकांस ठाऊक आहेच. आम्हांस सांगावयाचें आहे तें तेथील एका पहांटेविषयीं.

जवळच्या पाड्यावरील एक शाळकरी मुलगा आम्हांस अंधारांतच मोहाच्या झाडांकडे घेऊन गेला. जपानांत बहर पाहावयाचा तर मान वर करावी लागते. येथें ती खालीं घालावी लागली. मोहाचें फूल रात्रीं उमलतें व पहांटे गळतें. झाडाखालचा पालापाचोळा आधींच जाळून जमीन स्वच्छ केलेली असते. तीवर फिकट पिवळीं, मांसल फुलें टपटप पडत होतीं. वास उग्र व गोड. बायका आणि पोरें टोपल्या घेऊन वेंचीत होतीं. उशीर झाला तर अस्वल व हरणें तीं खाऊन टाकतात. फुलें वाळवून वर्षभर पुरवितात, शिजवून खातात. पुढें फळांतील बियांचें तेल काढतात.

एक वृद्ध बाई माडियांत आम्हांस कांहीं म्हणाली. मुलानें सांगितलें, “आजी म्हणते, पाय जपून टाका. आणि विचारते, तुमच्याकडे हें खात नाहींत का?”

आमच्याकडे मोह म्हटला कीं दारू, एवढीच ओळख. गडचिरोलींत १९९३ सालीं दारूबंदी झाली, ती योग्यच झाली. पण त्या फुलाचा दुसरा कांहीं उपयोग असेल, हें आमच्या मनांतही आलें नव्हतें.

तेव्हां एक जुनी गोष्ट आठवली. संस्कृतच्या वर्गांत आम्ही कुमारसंभवाच्या सातव्या सर्गांतील पार्वतीच्या विवाहाची कथा सांगत होतों. तिच्या केसांत दूर्वांसह मधूकपुष्पांची माळ गुंफिली आहे. मधूक म्हणजे काय, असें एका मुलानें विचारलें. “एक वृक्षविशेष. परीक्षेस एवढें पुरे,” असें आम्हीं उत्तर दिलें. जंगलपट्टींतून आलेला एक मुलगा मागील बांकावरून म्हणाला, “गुरुजी, तो आमचा मोह. त्याचीच दारू गाळतात.” वर्ग हंसला. आम्ही त्यास रागावलों व तास संपेपर्यंत उभें केलें. वस्तुतः साऱ्या वर्गांत मधूकाचा अर्थ जाणणारा तो एकटाच होता! त्यानंतर तो वर्गांत कधीं बोलला नाहीं.

आजीनें दिलेलें फूल आम्हीं तोंडांत घातलें. गोड होतें. मूठभर फुलें रुमालांत बांधून घरीं आणलीं, तीं सूनबाईंनीं उन्हांत वाळविलीं. जुन्या पुस्तकांत ‘वृक्षविशेष’ हा शब्द खोडून आम्हीं समासांत ‘मोह’ असें लिहिलें आहे, आणि कोणी शिकविलें तेंही. त्या विद्यार्थ्याचें नांव मात्र आम्हांस, पुष्कळ प्रयत्न करूनही, आठवलें नाहीं.