टेलचं पाणी

मार्चमध्ये आमच्याकडे हळद शिजते आणि घरात माणूस कमी पडतो. म्हणून मी लॅपटॉप घेऊन पुण्याहून सिद्धेश्वरला आलो. ऑफिसने महिनाभराची परवानगी दिली, ती कुरकुरत. सोबत एक कामही दिलं: व्हर्च्युअल सर्व्हरच्या बॅकअपसाठी लिनक्सचा प्रॉक्सी उभा करायचा.

प्रॉक्सी हा शब्द कॉलेजच्या हजेरीने बदनाम केलाय. इथला प्रॉक्सी खरंच राबतो. येलदरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी थेट शेतात जात नाही. ते आमच्या सिद्धेश्वर धरणात येतं आणि इथून कालव्याने वसमतकडे जातं. प्रॉक्सी म्हणजे हे मधलं धरण. सर्व्हरचा डेटा तो वाचतो, दाबून लहान करतो आणि साठवणीच्या मशीनकडे धाडतो.

आधी आमचा प्रॉक्सी विंडोजवर होता, म्हणजे लायसन्सचा खर्च. वीमने 2020 मध्ये दहाव्या आवृत्तीत लिनक्स प्रॉक्सी आणला. तेव्हा तो फक्त हॉटॲड पद्धतीने चालायचा, बाकीचे मार्ग 2021 मध्ये अकराव्या आवृत्तीत आले. हॉटॲड म्हणजे ज्या मशीनचा बॅकअप घ्यायचा, तिची डिस्क स्नॅपशॉट काढून थेट प्रॉक्सीलाच जोडायची. डेटा लांबून मागवायचा नाही, पेनड्राइव्ह खोचल्यासारखा समोरच वाचायचा.

उबुंटू टाकलं, एसएसएच चालू केलं, फायरवॉलमध्ये 2500 ते 3300 पोर्ट उघडले. रात्री जॉब लावला आणि हळदीच्या कुकरपाशी जाऊन बसलो.

सकाळी पावणेनऊला फोन. बॅकअप अजून चालूच, स्नॅपशॉट सुटलेला नाही, बिलिंगचं मशीन रखडलेलं. साहेब म्हणाले, "गावाकडं नेट चालत नसेल तर परत ये."

खरं तर बॅकअपचा एक बाइटही सिद्धेश्वरहून जात नव्हता. सगळी वाहतूक तिकडच्या सर्व्हर रूममध्येच. पण "हो सर, नेटच" म्हणालो असतो तर सुटलो असतो. मोह झाला.

लॉग उघडला. प्रत्येक डिस्कसमोर हॉटॲडऐवजी एनबीडी. थेट रस्ता बंद दिसल्यावर प्रॉक्सी मुकाट्याने होस्टच्या नेटवर्कवरून डेटा ओढत बसला होता. प्रॉक्सीच्या मशीनला 'डिस्क डॉट इनेबल यूयूआयडी' हे सेटिंग ट्रू करावं लागतं, तेही मशीन बंद करून. सूचनांमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं. मी ती ओळ ओलांडली होती.

साहेबांना तसंच लिहिलं: चूक माझी, नेटची नाही. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या रात्री जॉब पहाटे तीनच्या आत संपला. सगळं हिरवं. अण्णांना स्क्रीन दाखवली. ते कालव्यावर पाटकरी होते, निवृत्त झालेत.

"टेलला जाऊन पाह्यलं का?"

"म्हणजे?"

"पाणी सोडलं म्हणून रजिस्टरात आम्हीबी लिहायचो. शेवटच्या शेतात पोचलं का नाही, ते सायकल मारून पाहावं लागायचं. कैकदा नसायचंच."

मी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर नोकरीच्या दोन वर्षांत कधीच नाही.

त्या रात्री बॅकअपमधून बिलिंगचं मशीन उभं केलं, नेटवर्क काढून, म्हणजे खऱ्याशी टक्कर नको. पाचेक मिनिटं काळी स्क्रीन. मग पासवर्डची चौकट. आत जाऊन आदल्या दिवशीचं शेवटचं बिल शोधलं. उघडलं. रक्कम जुळली.

अण्णांना सांगायला ओसरीवर गेलो, तर ते झोपले होते. सकाळी साहेबांचा मेसेज होता: "बाकीची मशीनंही अशीच तपास. महिना संपल्यावर बघू."