नंबर १०४

गणेशपेठच्या एसटी स्टँडवर उतरलो तेव्हा पुरते उजाडले नव्हते. सोबत आमचा बारा वर्षांचा भाचा. सिकलसेलचा रुग्ण, गुडघे दुखू लागले की रात्रभर कण्हतो. नागपुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात केसपेपर काढला. नंबर १०४! म्हणजे दुपार नक्की.

बाकांवर गडचिरोली, भंडारा, बालाघाट, छिंदवाड्याची माणसे. आपल्या समाजात आणि गोंड बांधवांत या आजाराचे प्रमाण मोठे. नागपूरला तो नवा नाही, डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलवर १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिले होते. भाच्याला घोटघोट पाणी पाजत होतो. अंगातले पाणी कमी झाले की दुखणे उठते.

शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "पोरीचा रिपोर्ट एएस निघाला जी. लग्न जुळेपर्यंत बोलू नको म्हणते घरचे."

"एएसला सहसा त्रास नसतो, बाई. पण नवरदेवही एएस असला तर दर बाळंतपणात चारात एक वेळ मूल एसएस होण्याची भीती. त्याचेही रक्त तपासा."

"अन् सोयरीक मोडली तं?"

आम्ही भाच्याकडे पाहिले. बहिणीची सोयरीक आम्हीच जुळविली होती, वाचकहो. शेती विचारली, नोकरी विचारली. रक्ताची गोष्ट काढली नाही. बाईंना तेही सांगितले.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग पिशवीतून कागद काढून म्हणाल्या, "त्या तपासणीचं नाव लिहून द्या जी."

'हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस' असे मोठ्या अक्षरात लिहीत होतो, तोच आमचा नंबर पुकारला.