गिटारीक सर्दी झाली हा?

पहिल्या पगारातून लोक आईला साडी घेतात, बाबांना शर्ट घेतात. मी गिटार घेतली. तीही इलेक्ट्रिक. सावंतवाडीला फोन करून सांगितलं, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, ‘‘बरां.’’ आता कोकणातलं ‘बरां’ म्हणजे नेमकं काय, ते कोकणातल्यांनाच कळतं!

मुंबईतली नोकरी, ऑफिसमधल्या पोरांचा बँड, पार्टनरशिपमधला फ्लॅट... सगळं एकेक करून मागे पडलं. आता मी फ्रीलान्सर. मुक्काम मोती तलावापासून दहा मिनिटांवर, आईबाबांच्या घरी. लेख जातात ई-मेलने, मानधन येतं आपल्या सवडीने. रात्री जेवणं झाली की मागच्या खोलीत गिटार लावून बसायचं, एवढीच काय ती चैन.

पण इथे अँप चालू केला की सुरांच्या आधी ‘घूंऽऽ’ ऐकू यायचं. फ्रिज चालू असला की जास्त, ट्यूबलाइट लावली की त्याहून जास्त. एका रात्री बाबा दारात येऊन म्हणाले, ‘‘काय गो, तुझ्या गिटारीक सर्दी झाली हा?’’

बाबांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दशावतारी मंडळांचे अँप्लिफायरसुद्धा त्यांच्याकडे यायचे. पुढे टीव्ही भिंतीला चिकटले, दुरुस्तीपेक्षा नवीन घेणं सोपं झालं आणि २०२०च्या लॉकडाउनमध्ये पडलेलं शटर पुन्हा वर गेलंच नाही. सोल्डरिंग गन, मीटर, सुट्या पार्टचे डबे सगळं माळ्यावर गेलं. आणि बाबा ओटीवर, पेपर घेऊन.

या सर्दीचा फंडा मला वाचून माहीत होता. गिटारच्या तारांखाली असतात ते पिकअप. लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत वीज तयार होते आणि तीच अँपमध्ये जाऊन सूर होते. माझ्या गिटारला होते सिंगल कॉइल. एकच गुंडाळी, त्यामुळे आवाज लख्ख. पण ही गुंडाळी अँटेनासारखी घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुणही पकडते. यावर १९५५ साली गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी तोड काढली. दोन गुंडाळ्या शेजारीशेजारी, एकीचे वेढे उलटे आणि चुंबकही उलटा. बाहेरची गुणगुण दोघींत विरुद्ध उमटते आणि एकमेकींना खाऊन टाकते. तारेचा सूर मात्र दोन्हींतून मिळून येतो. हमला गप्प करणारा, म्हणून नाव हमबकर!

दोन लेखांचं मानधन खर्चून मी दोन हमबकर मागवले. एक ब्रिजजवळ, एक नेकजवळ. मधला सिंगल कॉइल तसाच ठेवायचा. लाकडात जागा होती, पण वरच्या प्लॅस्टिक पट्टीची भोकं लहान. चितारआळीतल्या लाकडी खेळणी करणाऱ्या एका काकांनी ती कानशीने घासून मोठी करून दिली. पैसे घेतले नाहीत. फक्त म्हणाले, ‘‘वाजवक ये एकदा.’’

वायरिंग मीच करणार होते. यूट्युब झिंदाबाद! जोडलं, वाजवलं. हमबकर एकटा छान, पण मधल्या पिकअपबरोबर लावला की आवाज पत्र्याच्या डब्यासारखा पोकळ. दोन रात्री डोकं फोडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते, तर माळ्याची शिडी खाली आणि बाबा चष्मा नाकावर घेऊन गिटार उघडून बसलेले.

‘‘फेज उलटी आसा. एक ढकलता, दुसरो ओढता.’’ त्यांनी दोन्ही हमबकरच्या दोन-दोन वायरींची अदलाबदल केली. मग जुन्या रेडिओच्या पार्टच्या डब्यातून ५०० केचा व्हॉल्यूम काढला. हमबकरला साधारण तेवढाच लागतो, माझ्या गिटारमध्ये २५० केचा होता आणि त्यात वरचे सूर जास्त दबत होते. बाबांच्या हाताला आता थोडा कंप आहे. पण गन हातात धरली की तो थांबतो. मी काही बोलले नाही.

मी त्यांना सांगितलं, स्ट्रॅटोकास्टर काढणारे लिओ फेंडरही मुळात रेडिओ दुरुस्त करायचे आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता यायची नाही. बाबा एकदम खूश. ‘‘मगे? माकाय खंय येता?’’

रात्री अँप लावला. शांत! फ्रिज चालू, ट्यूब चालू, तरी चिडीचूप. आवाज जाड, भरदार, सॉलिड एकदम. बाबा दारात उभे राहून ऐकत होते. मी विचारलं, ‘‘कसं वाटतं?’’

‘‘आवाज साफ आसा,’’ ते म्हणाले. मग थोडं थांबून, ‘‘पण आदी तूच वाजयतंस तां कळायचां. आता कोणय वाजयता असां वाटता.’’

‘‘तुम्ही रोज ऐकत होतात?’’

‘‘मगे काय, कान बंद करून झोपू?’’

चार वर्षं मला वाटत होतं, या घरात माझं वाजवणं फक्त सहन केलं जातं. त्या ‘बरां’चा अर्थ मीच लावला होता, त्यांना कधी विचारलाच नव्हता.

आणि बाबांचं बरोबर होतं. हमबकर तारेला एकाच वेळी दोन जागी ऐकतो, त्यामुळे गुणगुणीबरोबर वरच्या सुरांची थोडी धारही जाते. नेमकं त्या धारेवरच मी वाजवायला शिकले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी नेकचा हमबकर काढून जुना सिंगल कॉइल परत बसवला. ब्रिजचा हमबकर ठेवला. स्विच एका टोकाला केला की भरदार आणि शांत, दुसऱ्या टोकाला केला की माझा जुना लख्ख आवाज, त्याच्या घूंऽऽसकट. आता रात्री मी जुन्या बाजूला वळले की बाबा ओटीवरून उठतात आणि काही न बोलता ट्यूबलाइट बंद करतात.

उरलेला हमबकर त्यांच्या डब्यात आहे. आणि तो डबा आता माळ्यावर नाही, ओटीवर असतो.